आधी फाटक उघडा

म्लादा बोलेस्लाव (चेक प्रजासत्ताक), जुलै २०२५

२४ जून २०२५ला नीरज चोप्राने ओस्त्रावात ८५.२९ मीटर भाला फेकून गोल्डन स्पाइक स्पर्धा जिंकली आणि त्याच रात्री मराठवाड्यातल्या शेंद्र्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, नीरजचा कोच तुमच्याच गावचा हाय म्हणं. आपलं पोरगं दिवसभर बांबू फेकायलंय. तिकडून एखादा चांगला भाला पाठवा, आन् कोचला विचारा कसा फेकायचा ते." पुढच्या आठवड्यात मित्रांचे, जुन्या सहकाऱ्यांचे, एका शिक्षकांचेही असेच फोन आले. सगळ्यांच्या बोलण्याचा रोख एकच होता: या लोकांकडे काहीतरी गुपित आहे, ते कळवा.

गावाचं खरं आहे. यान झेलेझनीचा जन्म इथलाच, १६ जून १९६६चा. १९९२, १९९६ आणि २००० अशा लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण, आणि १९९६ साली जर्मनीतल्या येना इथे केलेला ९८.४८ मीटरचा विश्वविक्रम, जो आजही कुणाला मोडता आलेला नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये त्याने नीरजचं प्रशिक्षकपद स्वीकारलं आणि १६ मे २०२५ला दोह्यात नीरजने पहिल्यांदा नव्वदी ओलांडली, ९०.२३ मीटर. शेंद्र्याच्या लोकांना या गावाचं नाव वेगळ्या कारणाने माहीत आहे. जालना रोडवर २००१पासून ज्या स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात, ती कंपनी इथली. १८९५ साली लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी इथे सायकली बनवायला सुरुवात केली, त्यातून पुढे हे सगळं उभं राहिलं.

तेव्हा गुपित असेल तर ते मला दिसायला हवं होतं. दिसलं ते असं.

ओस्त्रावाच्या स्पर्धेनंतरच्या सकाळी आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी मोठ्या उत्साहाने विषय काढला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने "छान फेकला" एवढंच म्हणून आपल्या गावच्या फुटबॉल मैदानाचं बोलायला सुरुवात केली. तिथलं गवत वाळलंय, शनिवारी सगळ्यांनी मिळून पाणी मारायचंय, एका गोलपोस्टची जाळी फाटलीय. हा माणूस आमच्याकडे क्वालिटी विभागात आहे. त्याचं गाव काही शे उंबऱ्यांचं. तरीही त्या गावाला फुटबॉल क्लब आहे, कपडे बदलायची खोली आहे, लीगमधलं स्थान आहे, आणि सामन्याला संघटनेने नेमलेला पंच येतो. संघात एक सुतार आहे, एक बस ड्रायव्हर आहे. कोच शाळेत भूगोल शिकवतो. मैदानाची किल्ली एका निवृत्त आजोबांकडे असते आणि ते रोज संध्याकाळी फाटक उघडतात. पगार कुणालाच नाही. सभासद वर्गणी भरतात, नगरपालिका थोडी मदत करते, सामन्याच्या दिवशी बिअर आणि भाजलेले सॉसेज विकून आलेल्या पैशांत जाळ्या येतात. सामने मी पाहिलेत. खेळ साधारण असतो, पण सगळं गाव कुंपणाशी उभं असतं.

नंतर एका संध्याकाळी ॲथलेटिक्स क्लबच्या मैदानावर मुलांचा सराव पाहायला थांबलो. सात-आठ वर्षांची पोरं होती आणि एकाच्याही हातात भाला नव्हता. ती चेंडू फेकत होती, आणि तो चेंडू पाहून मी जागीच थबकलो. तो क्रिकेटचा चेंडू होता! दीडशे ग्रॅम वजनाचा. चेक शाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या लहान मुलांची फेक याच चेंडूने मोजतात आणि त्या स्पर्धेच्या नावातच क्रिकेट आहे. तिथल्या प्रशिक्षक बाईंना मी सांगितलं की आमच्याकडे अब्जावधी रुपयांचा खेळ या चेंडूवर चालतो. त्यांनी हसून विचारलं, "मग तुमची मुलं भाला लांब फेकत असतील ना?" मला उत्तर देता आलं नाही. शेंद्र्याच्या रिकाम्या प्लॉटवर रोज संध्याकाळी शेकडो पोरं हात फिरवतात. त्यातला कुणाचा हात भाल्याचा आहे, हे पाहायला तिथे कुणी उभं नसतं. इथे त्या बाई आठवड्यातून दोनदा, दिवसभराची नोकरी करून, उभ्या असतात.

आमच्या लोकांचा समज असा की हे सगळं पैशामुळे किंवा गोऱ्या माणसाच्या उंची-बांध्यामुळे होतं. चेक देशाची लोकसंख्या एक कोटी नऊ लाखांच्या आसपास आहे. मराठवाड्याची २०११च्या जनगणनेतच पावणेदोन कोटींच्या वर होती. एवढ्याशा देशातून २०२३मध्ये मार्केता वोंद्रोउशोवा आणि २०२४मध्ये बार्बोरा क्रेयचिकोवा अशा लागोपाठ दोन विम्बल्डन विजेत्या आल्या, आणि २६ मे २०२४ला प्रागमध्ये या देशाच्या आइस हॉकी संघाने स्वित्झर्लंडला हरवून जगज्जेतेपद घेतलं. पैसा महत्त्वाचा आहेच, आणि वरच्या पातळीवर सरकारही लागतं. झेलेझनी स्वतः दुक्ला प्राग या लष्करी क्लबचा खेळाडू होता. पण इथे मुलाच्या हातात पहिला चेंडू देणारा माणूस सरकारचा नसतो.

याची मुळं जुनी आहेत. १८६२ साली मिरोस्लाव तिर्श आणि यिंद्रिख फ्युग्नर यांनी प्रागमध्ये सोकोल ही व्यायामसंस्था काढली. ऑस्ट्रियन साम्राज्याने ती बंद केली, नाझींनी बंद केली, कम्युनिस्टांनीही बंद केली. प्रत्येक वेळी लोकांनी ती पुन्हा सुरू केली, शेवटची १९९०मध्ये. माझी घरमालकीण सत्तरीतली आहे आणि मंगळवारी संध्याकाळी सोकोलच्या दालनात व्यायामाला जाते. आपल्याकडे असं काही नव्हतंच, हे मला मान्य नाही. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं आणि त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. गावोगावी तालमी होत्या. त्यांची गोदामं आणि पक्षांची कार्यालयं कुणी चेकांनी केली नाहीत.

हेलसिंकी १९५२ची गोष्ट इथे सांगितली की ऐकणारे गप्प होतात. त्या ऑलिंपिकमध्ये एमिल झातोपेकने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि आयुष्यात पहिल्यांदाच पळालेली मॅरेथॉन, तिन्ही जिंकल्या. त्याच हेलसिंकीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. झातोपेक झ्लिनच्या बाटा बुटांच्या कारखान्यात कामगार पोरगा होता. कारखान्याच्या शर्यतीत त्याला जवळजवळ जबरदस्तीने पळायला लावलं, तिथून तो धावपटू झाला. खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकलं. एकाच्या मागे कारखाना उभा होता, दुसऱ्याच्या मागे एका भल्या माणसाचं घर. भल्या माणसांच्या घरांवर आपण अजून किती दिवस खेळ चालवणार आहोत?

आपले आजचे मोठे खेळाडू पाहा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर धावपटू झाला. पॅरिसमध्ये कांस्य जिंकलेला स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता. आपल्याकडे खेळ सरकारी नोकरीच्या आसऱ्याने वाढतो, म्हणून आईबापही खेळाकडे नोकरीच्या वाटेनेच पाहतात. दहावीला वाढीव गुण, भरतीत पाच टक्के आरक्षण. ज्या मुलाला यातलं काही मिळणार नाही, त्याने का खेळावं, याचं उत्तर कुणाकडे नसतं. इथे तो प्रश्नच कुणी विचारत नाही. चाळिशीतला फिटर हरणाऱ्या संघात डावा बचाव खेळतो आणि सोमवारी गुडघा चोळत कामावर येतो.

आणि शेंद्र्याजवळच्या आपल्या शहराचं काय सांगू? डिसेंबर २०२४मध्ये तिथल्या विभागीय क्रीडा संकुलातल्या २१ कोटी ५९ लाखांच्या अपहाराची बातमी वाचली, तेव्हा इथल्या मित्रांपासून ती लपवावीशी वाटली. तेरा हजार पगाराच्या कंत्राटी कर्मचाऱ्यावर आरोप आहे आणि न्यायालय काय ते ठरवेल. पण क्रीडा संकुलाच्या खात्यात एवढी रक्कम होती, ही त्या बातमीतली मला सर्वांत बोचणारी गोष्ट. पैसा नव्हता, असं आता कुणी म्हणू नये. शहराजवळच्या करोडीला जाहीर झालेलं क्रीडा विद्यापीठ बालेवाडीला गेलं याची खंत मलाही आहे. मात्र ते करोडीला झालं असतं तरी माझ्या पुतण्याला संध्याकाळी सहा वाजता बांबू फेकायला जागा मिळाली असती का? तो बांबू घेऊन एका मैदानावर गेला होता. रखवालदाराने विचारलं, "कुणाची परवानगी आहे?" तेरा वर्षांच्या मुलाने परवानगी कुणाची आणायची? तो परत आला आणि आता रस्त्याकडेच्या पडीक जमिनीत फेकतो.

इथे सगळं उत्तम आहे, असं समजू नका. देशातली सर्वोच्च हॉकी लीग आणि सर्वोच्च फुटबॉल लीग, दोन्ही सट्टेबाजीच्या कंपन्यांच्या नावाने चालतात, आणि आपल्या क्रिकेट संघाच्या छातीवर पैजेच्या खेळाचं नाव असायचं, ते पाहून मला जितका संताप यायचा तितकाच इथेही येतो. मुलाला आइस हॉकीत घालायचं तर साहित्याचा आणि बर्फाच्या वेळेचा खर्च ऐकून इथले कामगार आईबापही मागे सरतात. या देशाने झातोपेकलाही सोडलं नाही. १९६८ला रशियन रणगाडे आले, त्याने विरोध केला, आणि त्याला पक्षातून, सैन्यातून काढून अंगमेहनतीच्या कामाला पाठवलं. हे सगळं मी इथल्या लोकांना तोंडावर ऐकवतो.

भावाला मी भाला पाठवलेला नाही, आणि पाठवणारही नाही. आठशे ग्रॅमचा मोठ्यांचा भाला त्या वयाच्या खांद्याला इजाच करेल. त्याला लिहिलंय की पोराला आणखी दोन वर्षं चेंडू फेकू दे, दोरीवरून उड्या मारू दे, धावू दे. नीरजसुद्धा कुठल्या परदेशी कोचमुळे भाल्याकडे वळला नाही. वजन उतरवायला घरच्यांनी त्याला पानिपतच्या शिवाजी स्टेडियमवर धाडलं, तिथे मोठी मुलं भाला फेकताना दिसली आणि त्याने भाला हातात घेतला. फाटक उघडं होतं म्हणून हे घडलं. झेलेझनी आला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, दोन ऑलिंपिक पदकं खिशात असताना.

म्हणून ही विनंती शेंद्र्याच्या कारखानदारांना आणि ऑरिक या औद्योगिक शहराच्या अधिकाऱ्यांना आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगितले आहेत आणि त्या यादीत ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. नवं संकुल बांधू नका, पुतळा नको, नामकरणही नको. एक सपाट मैदान, चार दिवे, पाण्याचा नळ आणि पाच ते नऊ फाटक उघडणारा एक माणूस द्या. शेंद्रा कमंगर, कुंभेफळ, लाडगावच्या ग्रामपंचायतींनी जागा दाखवावी, आणि पाळी संपवून घरी जाणाऱ्यांपैकी कुणाला खेळातलं थोडंफार येत असेल, तर त्याने आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे उभं राहावं.