पंक्तीला चालेल असा केळ्याचा पाव

केळीला अमरकोशांत रंभा, मोचा, अंशुमत्फला अशीं नांवें आहेत. तिचे खांब मखराला, पानें पंक्तीला आणि फळें नैवेद्याला लागतात. तेव्हां केळीविषयीं आपल्या घरांत आदर असावा हें साहजिकच आहे. परंतु हा आदर सालीचा रंग पिवळा असेपर्यंतच टिकतो. तिच्यावर काळे डाग पडूं लागले कीं तींच केळीं फडताळांत मागें सरकविलीं जातात. घडांतील फण्या बहुधा एकदमच पिकतात आणि दहाबारा माणसांच्या कुटुंबांतहि त्या वेळेवर संपत नाहींत. शिकरण तरी रोज किती करणार? अशा केळ्यांचा एक उत्तम उपयोग म्हणजे घरीं भाजलेला केळ्याचा पाव. त्याची आम्हांला पटलेली रीत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

हा पदार्थ मूळचा अमेरिकेंतील. १९२९ सालीं तेथें मोठी आर्थिक मंदी सुरू झाली आणि घरांतील अन्न वायां न घालविण्याचें महत्त्व वाढलें. खाण्याचा सोडा व बेकिंग पावडर तोंपर्यंत तेथें घरोघर पोंचलीं होतीं. १९३० नंतरच्या दशकांत तेथील पाककृतींच्या पुस्तकांत हा पाव ठिकठिकाणीं दिसूं लागला. नांव पावाचें असलें तरी यांत खमीर नसतें. जातीनें हा केकचाच भाऊबंद. आपल्याकडेहि हा योग अगदींच अपरिचित नाहीं. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यांत केळें पडतेंच. आणि मंगळूरकडे पिकलें केळें, मैदा, दहीं व सोडा एकत्र भिजवून बन तळतात. आपण तळण्याऐवजीं भाजावयाचें, इतकाच फरक.

आमच्या घरीं हा पाव प्रथम सूनबाईंनीं केला. त्यांत अंडें होतें. मुलांनीं तो आनंदानें खाल्ला. परंतु आमच्या वहिनी अंडें घेत नाहींत. एकाच पंक्तींत बसून त्यांचेंच ताट रिकामें राहावें, हें सूनबाईंनाहि बरें वाटलें नाहीं. पुढच्या खेपेस त्यांनीं अंडें वगळलें. तो पाव मात्र वरून चिवट आणि आंत कोरडा झाला. वहिनींचें वय पंचाऐंशी. दांत केव्हांच गेलेले. त्यांनीं तुकडा बराच वेळ हातांत धरला आणि हळूच दुधांत बुडविला. "चांगला झालाय हो," त्या म्हणाल्या, "पण भावोजी, या बोळक्या तोंडासाठीं पोरीला पुन्हा शीण देऊं नका."

मुलांना मऊ आणि वडीलधाऱ्यांना कठीण, हा पंक्तिप्रपंचच झाला. तो आम्हांला रुचला नाहीं. वह्या तपासण्यांत जन्म गेलेला; तेव्हां चूक कोठें झाली, हें सूनबाईंना बरोबर घेऊन आम्ही शोधूं लागलों.

पहिली चूक केळ्यांची. तीं पिवळींधमक होतीं. केळें पिकतांना त्यांतील पिठूळ सत्त्वाची साखर होत जाते. साल काळसर व ठिपकेदार झाल्यावर गर गोड, मऊ आणि रसाळ होतो. दुसरी चूक ढवळण्याची. अंडें नाहीं म्हणून पीठ खूप फेंटलें गेलें. मैदा ओला करून घोटला कीं त्याला चिकाटी येते. ती पोळीला हवी, येथें नको. तिसरी चूक, सोड्याला आंबटाची जोड नव्हती. सोड्याला आम्ल मिळालें म्हणजे वायु सुटतो व पीठ फुगतें. अंड्याचें फुगविण्याचें काम दहीं व सोडा मिळून करतात, आणि बांधून धरण्यास केळ्याचा गर साहाय्य करतो. चौथी चूक, कच्चा राहील या भीतीनें तो पाव सव्वा तासाहून अधिक वेळ भाजला गेला.

आतां रीत सांगतों. साल काढलेलीं ३०० ग्रॅम केळीं, म्हणजे मोठीं तीन, चांगलीं कुसकरावीं. त्यांत १२० ग्रॅम साखर, ८० मिलिलिटर वास नसलेलें तेल व ६० ग्रॅम दहीं घालून एकजीव करावें. तुपापेक्षां येथें तेल बरें. तूप गार झाल्यावर थिजतें, तेल पातळच राहतें, आणि पाव दुसऱ्या दिवशींहि मऊ लागतो. १९० ग्रॅम मैदा, सपाट एक लहान चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ व थोडी जायफळपूड हीं दोनदां चाळून वरील मिश्रणांत घालावीं. कोरडें पीठ दिसेनासें होतांच हात थांबवावा. मिश्रण तसेंच ठेवून देऊं नये. सोड्याचा जोर निघून जातो. तेल लावलेल्या नऊ इंच लांबीच्या डब्यांत तें ओतून, शतमान १७५ अंशांपर्यंत आधींच तापविलेल्या ओव्हनमध्यें ५० ते ६० मिनिटें भाजावें. पंचेचाळीस मिनिटांनंतर मध्यभागीं काडी खुपसून पाहूं लागावें. तिला ओलें पीठ न लागतां एखाददुसरा मऊ कण लागला कीं पाव झाला असें समजावें. डबा बाहेर काढल्यावर दहा मिनिटांनीं पाव जाळीवर काढावा व पूर्ण गार झाल्यावरच कापावा. तो झांकून ठेवावा, पण फ्रीजमध्यें नव्हे. तेथील गारव्यानें पाव लवकर शिळवटतो. उन्हाळ्यांत मात्र दोन दिवसांत संपवावा.

तिसऱ्या खेपेचा पाव सूनबाईंनीं आदल्या संध्याकाळीं केला होता. रात्रभर झांकून राहिल्यानें ओलावा सर्वत्र सारखा मुरला. सकाळीं सर्वांच्या ताटल्यांत एकाच डब्यांतील काप पडले. वहिनींच्या पुढें सवयीनें दुधाची वाटी ठेविली होती, ती त्यांनीं बाजूस सारली आणि थोड्या वेळानें विचारलें, "अग, आणखी एक तुकडा उरलाय का?"

काळीं पडलेलीं केळीं आतां आमच्या फडताळांत मागें सरकत नाहींत. उलट आम्हींच कधीं हात घातला, तर आंतून शब्द येतो, "मामंजी, तीं नका घेऊं, तीं काकूंच्या पावाचीं आहेत."