कासवांतील नरमादीभेद : लक्षणे, त्यांची कारणे व निदानातील एक नित्याचा प्रमाद

देवळाच्या सभामंडपातील फरशीत कोरलेले कासव आपण सर्वांनी पाहिलेले असते. त्याची पाठ, मान व चारही पाय स्पष्ट दिसतात. परंतु ते नर आहे की मादी, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. विचारला तरी त्या शिल्पावरून उत्तर मिळावयाचे नाही. कारण कासवाच्या लिंगभेदाची महत्त्वाची लक्षणे पोटाखाली व शेपटीपाशी असतात आणि शिल्पकाराने कोरलेली असते ती पाठ. जिवंत कासवाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुका हा गर्भगिरीच्या डोंगररांगांलगतचा अवर्षणप्रवण प्रदेश आहे. अशा मुलखात विहिरीचे मोल निराळे सांगावयास नको. विहिरीत कासव असले म्हणजे पाणी स्वच्छ राहते, या समजुतीने ते विहिरीत सोडण्याची रीत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आढळते. अशा विहिरीचा मालक प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज विचारतो, ‘हे नर की मादी? याला जोडी आणावी काय?’ प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर देताना सुशिक्षित निरीक्षकही कोठे चुकतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

आपल्याकडे माणसाच्या सहवासात आढळणारी कासवे मुख्यतः चार जातींची असतात. विहिरी, तळी व ओढे यांत राहणारे मऊ पाठीचे कासव (लिसेमिस पंक्टेटा) हे त्यांपैकी पहिले. मागील पाय आत ओढून घेतल्यावर त्यांवर झाकणाप्रमाणे बसणाऱ्या कातडीच्या दोन झडपांवरून ते तत्काळ ओळखू येते. पाणी आटल्यावर चिखलात पुरून घेऊन उन्हाळा काढण्याची त्याची क्षमता प्रसिद्ध आहे. दुसरे, गोड्या पाण्यातील काळे कासव (मेलॅनोकेलिस ट्रायजुगा). तिसरे, पिवळ्या किरणांच्या नक्षीचे तारांकित कासव (जिओकेलोन एलिगन्स). हे पूर्णतः भूचर असून त्याचा मुख्य अधिवास गुजरात व राजस्थान, दक्षिणेकडील राज्ये आणि श्रीलंका येथे आहे; महाराष्ट्रातील घरांत ते पोहोचते ते बहुधा चोरट्या व्यापारातून. चौथे, मूळचे उत्तर अमेरिकेतील लालकानी कासव (ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलिगन्स), जे शोभेच्या माशांच्या दुकानांतून घरोघरी गेले.

आता लक्षणांकडे वळू. पाठीवरील ढालीस पृष्ठवर्म व पोटाखालील पाट्यास अधरवर्म म्हणतात. मलमूत्र व जननमार्ग ज्या एका पोकळीत उघडतात ती अवस्कर होय. तिचे द्वार शेपटीच्या खालच्या बाजूस असते. सर्वांत विश्वसनीय लक्षण याच द्वाराच्या जागेवरून मिळते. नराचे शिश्न एकच असून एरवी ते अवस्करातच सामावलेले असते. त्यामुळे नराची शेपटी बुडाशी जाड व एकंदरीत लांब असते आणि अवस्करद्वार शेपटीच्या टोकाकडे, पृष्ठवर्माच्या कडेपलीकडे येते. मादीची शेपटी आखूड व निमुळती असून द्वार तिच्या बुडाजवळ, कवचाच्या कडेच्या आत राहते. समागमाच्या वेळी नराला आपली शेपटी मादीच्या कवचाखाली वळवावी लागते, हे ध्यानी घेतले म्हणजे या लांबीचा अर्थ उलगडतो.

दुसरे लक्षण अधरवर्माचे. तारांकित कासवाच्या प्रौढ नरात ते मधोमध किंचित खोलगट असते, तर मादीत सपाट असते. मादीच्या घुमटाकार पाठीवर तोल सांभाळण्यास हा खोलगटपणा उपयोगी पडतो. तिसरे लक्षण अधरवर्माच्या मागील टोकाशी असलेल्या खाचेचे. नरात ही खाच रुंद कोनाची असल्याने शेपटीस हालचाल करण्यास वाव मिळतो. मादीत अधरवर्म व पृष्ठवर्माची मागील कड यांमध्ये अंडी बाहेर पडण्यापुरते अंतर असावे लागते. चौथे लक्षण आकारमानाचे. तारांकित कासवात प्रौढ मादी नराहून स्पष्टपणे मोठी व रुंद असते. मऊ पाठीच्या व लालकानी कासवांतही मादीच मोठी असते.

ही लक्षणे एका जातीवरून दुसऱ्या जातीस सरसकट लावता येत नाहीत, ही पहिली सावधगिरी होय. अधरवर्माचा खोलगटपणा तारांकित व काळ्या कासवात उपयोगी पडतो. मऊ पाठीच्या कासवात त्यावर भिस्त ठेवता येत नाही, तेथे शेपटीच पाहावी लागते. लालकानी कासवाच्या प्रौढ नराच्या पुढील पायांची नखे लक्षणीय लांब असतात, कारण मादीच्या तोंडासमोर ती थरथरवून तो तिची मनधरणी करतो. हीच खूण तारांकित कासवात शोधणे व्यर्थ होय.

परंतु याहून गंभीर प्रमाद दुसराच आहे, आणि तो तर्कशास्त्राचा आहे. वर सांगितलेली लांब शेपटी, खोलगट अधरवर्म, लांब नखे ही बहुतेक सारी लक्षणे नराच्या प्रौढत्वाची लक्षणे आहेत. ती जन्मतः नसतात. वृषणांचे कार्य सुरू झाल्यावर हळूहळू प्रकट होतात. त्यामुळे कासवाचे प्रत्येक पिल्लू, मग ते नर असो वा मादी, शेपटीने आखूड व पोटाने सपाट असते. म्हणजेच ते मादीसारखे दिसते. ‘शेपटी लांब, म्हणून नर’ हे अनुमान बहुधा बरोबर ठरते. ‘शेपटी आखूड, म्हणून मादी’ हे अनुमान प्राणी प्रौढ असल्याचे सिद्ध झाल्याखेरीज करता येत नाही. नरलक्षणाचा अभाव हे मादीलक्षण नव्हे. वयाचा अंदाज कवचावरील वलये मोजून करण्याचा मोह होतो. पण बंदिवासात अन्न व ऋतुमान कृत्रिम असल्याने वर्षास एक वलय हा हिशेब जुळत नाही.

या प्रमादाचा परिणाम कल्पित आकड्यांनी पाहू. एका वसाहतीत २० कासवे सापडली. त्यांत ५ प्रौढ नर, ५ प्रौढ माद्या व १० अल्पवयीन पिल्ले आहेत. पिल्लांना आखूड शेपटीवरून मादी ठरविले, तर नर ५ व माद्या १५, म्हणजे १ : ३ असे लिंगगुणोत्तर लिहिले जाईल. प्रौढांतील खरे गुणोत्तर मात्र १ : १ आहे. निरीक्षकाने एकही माप चुकीचे घेतलेले नाही. तरीही निष्कर्ष खोटा आहे.

हा खोटेपणा आज विशेष घातक ठरतो. अंडी उबताना लाभणाऱ्या तापमानाचा पिल्लांच्या लिंगाशी संबंध असू शकतो, हे मॅडलेन शार्निए यांनी १९६६ साली एका सरड्याच्या जातीत दाखविले. त्यानंतर कासवांच्या अनेक जातींत तसेच आढळून आले. तारांकित कासव याच वर्गात मोडते : उबदार मातीत माद्या अधिक, तुलनेने थंड मातीत नर अधिक. उलटपक्षी मऊ कवचाच्या कासवांच्या कुलात, ज्या जातींचा अभ्यास झाला आहे त्यांत, लिंगनिर्णय गुणसूत्रांवर अवलंबून असल्याचे दिसते. पृथ्वीचे तापमान वाढत असताना पहिल्या प्रकारच्या कासवांत माद्यांचे प्रमाण वाढते काय, हा संशोधनाचा खरा प्रश्न आहे. पिल्लांना माद्या समजण्याच्या चुकीतून नेमके तेच चित्र निर्माण होते. उष्णतेचा परिणाम म्हणून जे मांडले जाईल, ते वस्तुतः निरीक्षकाच्या वहीतील चूक असू शकेल.

एकेका प्राण्याच्या बाबतीतही चुकीची किंमत मोजावी लागते. मादी नराशिवायही निष्फळ अंडी घालू शकते, आणि पूर्वीच्या समागमातील शुक्राणू दीर्घकाळ साठवून ठेवण्याची क्षमता कासवांच्या अनेक माद्यांत असते. नर समजून तिला फरशीवर ठेवले व अंडी घालण्यास मऊ माती मिळाली नाही, तर अंडी पोटात अडकून ती दगावू शकते. जप्त केलेल्या कासवांचा सांभाळ करणाऱ्या केंद्रांत ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

तेव्हा पद्धत अशी असावी. प्रथम जात निश्चित करावी. नंतर पृष्ठवर्माची लांबी व अधरवर्माच्या कडेपासून अवस्करद्वारापर्यंतचे अंतर मोजून नोंदवावे. शक्य तर एकाच जातीच्या व सारख्या आकाराच्या अनेक कासवांची शेजारी शेजारी तुलना करावी, कारण ‘लांब’ व ‘आखूड’ हे शब्द सापेक्ष आहेत. किमान दोन लक्षणे एकमेकांस दुजोरा देत असतील तरच निर्णय लिहावा, आणि तक्त्यात ‘नर’ व ‘मादी’ यांच्या जोडीस ‘अनिर्णित’ असा तिसरा रकाना अवश्य ठेवावा. अल्पवयीन कासवाचे लिंग जाणणे अगत्याचेच असेल, तर पशुवैद्याकडून दुर्बिणीने जननग्रंथींची तपासणी करवून घ्यावी. क्ष-किरणचित्रात कवचधारी अंडी दिसली तर प्राणी मादी हे निर्विवाद. न दिसली तर काहीच सिद्ध होत नाही. कासव फार वेळ उताणे धरू नये, शेपटी ओढू नये, अवस्करात कोणतेही साधन घालू नये, आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. कासवांच्या अंगी रोगकारक साल्मोनेला जंतू असू शकतात.

येथे कायद्याचेही स्मरण ठेवणे प्राप्त आहे. तारांकित कासव व मऊ पाठीचे कासव यांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण असून ती घरी पाळणे हा गुन्हा आहे. अभ्यासासाठी पकडावयाची असल्यास वनखात्याची परवानगी आवश्यक असते. तारांकित कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१९ साली परिशिष्ट १ मध्ये घालून जवळजवळ पूर्णतः निषिद्ध करण्यात आला. असे कासव घरी आढळल्यास ते वनखात्याच्या स्वाधीन करावे. दया येऊन जवळच्या डोंगरावर सोडून देणे योग्य नव्हे. ते कोठून आले हे ठाऊक नसते आणि त्याच्यासोबत रोगही जाऊ शकतो.

विहिरीच्या मालकाला मग काय सांगावे? कासव लहान असेल तर ‘ते नर की मादी हे आज सांगता येत नाही’ असे निःसंकोच सांगावे. जोडी आणू नये, हे तर लिंगनिदानावाचूनही सांगता येते : सरळ भिंतींच्या विहिरीत मादीला अंडी घालण्यास कोरडी माती कोठून मिळणार? उत्तर देता आले नाही म्हणून विद्यार्थ्याने संकोच बाळगण्याचे कारण नाही. तिसऱ्या रकान्यात प्रामाणिकपणे केलेली नोंद पहिल्या दोन रकान्यांतील नोंदींना विश्वासार्हता देते.