डाग पडलेली पुस्तके

घरी आलेला पाहुणा पुस्तकांच्या कपाटापुढे उभा राहिला, की त्याची नजर कोठे थांबते आणि कोठून घसरते हे न्याहाळण्याची मला सवय जडली आहे. वरच्या खणांतली चरित्रे, कवितासंग्रह, वैचारिक ग्रंथ तो मान तिरकी करून वाचतो. खालच्या तीन खणांपाशी मात्र तो वाकत नाही. त्यांपैकी पहिल्यात पाककृतींची पुस्तके आहेत, दुसऱ्यात विणकाम, क्रोशा, ओरिगामी अशा हस्तकलांची आणि तिसऱ्यात जादूगार, ड्रॅगन व काल्पनिक देशांचे नकाशे असलेल्या अद्भुत कादंबऱ्या. पहिला खण घरातल्या बायकांचा, दुसरा रिकाम्या वेळेचा आणि तिसरा मुलांचा, अशी वाटणी पाहुण्याच्या मनात परस्पर होऊन जाते. वस्तुतः तिन्ही खण माझेच आहेत. मी समीक्षक नाही, आचारी नाही, कारागीर तर नाहीच. निव्वळ हौशी वाचक आहे. पण वरच्या खणांतली पुस्तके अजून कोरी दिसतात आणि खालच्यांवर हळदीचे, डिंकाचे आणि चहाचे डाग आहेत, यावरून काय ते समजावे.

पुस्तक परीक्षणाच्या सदरांत या तीन प्रकारांना फारच थोडी जागा मिळते. पाककृतींच्या पुस्तकाविषयी छपाई आणि छायाचित्रे यांपलीकडे लिहायचे तरी काय, असा प्रश्न परीक्षकांना पडत असावा. माझ्या मते या तिघांनाही एकच कसोटी लावता येते आणि ती पुरेशी कठोर आहे. ही पुस्तके वाचकाला आपल्यावर विसंबून राहायला सांगतात. त्या त्या जगाचे नियम लेखकाला ठाऊक असतात, वाचकाला नसतात. तेव्हा नियम वेळेवर सांगितले का, ते मध्येच बदलले का, आणि गाडी रुळावरून घसरली तर काय होते याविषयी लेखक बोलला की गप्प बसला, एवढेच पाहायचे. पुस्तकाचा प्रामाणिकपणा त्याच्या गप्प बसण्याच्या जागांवरून कळतो.

मराठीत छापील पाककृतींची परंपरा चांगली दीर्घ आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५चे, तर लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१०चे. त्या काळची शेर, पावशेर, तोळा ही मापे आज वापरायची तर शेजारी कागद-पेन्सिल हवी; ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. तरीही त्या मापांत एक सचोटी होती. तोळा सगळ्यांचा सारखाच असे. पुढे घरोघरच्या वह्यांत 'अंदाजे', 'बेताचे', 'लागेल तसे' हे शब्द वाढत गेले. ज्या मुलीने आईच्या शेजारी उभे राहून दहा वर्षे पाहिले आहे, तिला 'बेताचे' म्हणजे किती हे कळते. नोकरीसाठी परगावी खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला ते कळत नाही. मी तो मुलगा होतो.

म्हणूनच कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या 'रुचिरा'चे मोल मला फार वाटते. त्यांनी वाटी आणि चमचा ही मापे धरून स्वयंपाक सांगितला. वाटी हे माप ढोबळ आहे, घराघरांत तिचा आकार निराळा असतो, असा आक्षेप घेतला जातो आणि तो वरवर खराही आहे. परंतु वाटीचे खरे काम प्रमाण सांगण्याचे. दोन वाट्या रव्याला सव्वा वाटी साखर म्हटले, की वाटी केवढी आहे याला महत्त्व उरत नाही. तीच वाटी दोन्हींना वापरली म्हणजे झाले. घोटाळा होतो तो वाटीच्या शेजारी एखादा मोजून घ्यायचा जिन्नस येऊन बसला की. 'तीन वाट्या मैदा, दोन अंडी' असे लिहिले, की वाटीचा आकार एकदम निर्णायक ठरतो, कारण अंडे काही वाटीप्रमाणे लहानमोठे होत नाही. माझे पहिले दोन केक विटेसारखे झाले, त्याचे कारण मला पुष्कळ उशिरा उमगले.

परदेशी पुस्तकांत वाटीच्या जागी कप येतो आणि तोही एकसारखा नाही. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५०चा. त्यातून ऑस्ट्रेलियात मोठा चमचा २० मिलिलिटरचा धरतात, इतरत्र बहुधा १५चा. हे पहिल्या पानावर न सांगणाऱ्या पुस्तकाला मी माफ करत नाही. इंग्रजीत एलायझा ॲक्टन यांनी १८४५मध्ये प्रत्येक कृतीसोबत जिन्नस आणि मापे वेगळी नोंदवायला सुरुवात केली आणि बोस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६च्या पुस्तकात चमचा सपाट भरून घेण्याचा आग्रह धरला. शिगोशीग चमचा आणि सपाट चमचा यांतील फरक खाण्याच्या सोड्याच्या बाबतीत किती महाग पडतो, हे ज्याने एकदा तरी ढोकळा केला आहे त्याला सांगायला नको.

परंतु मापाहूनही मोठी गोष्ट म्हणजे बिघडण्याविषयीचे बोलणे. आपल्या भाषेत त्यासाठी किती नेमके शब्द आहेत! गूळ जास्त झाला की अनारसा तुपात 'हसतो', म्हणजे जाळी धरण्याऐवजी पसरून त्याचे तुकडे होतात. मोहन जास्त झाले की चकली तेलात विरघळते आणि कमी झाले की दाताला कडक लागते. पाक एकतारीचा दोनतारी झाला की लाडू वळायच्या आत दगड होतात. चांगले पुस्तक हे आधीच बजावते आणि उपायही सांगते. गुळगुळीत कागदावरची अनेक देखणी पुस्तके याबाबत मौन पाळतात; त्यांतला प्रत्येक पदार्थ पहिल्या फटक्यात जमतो. अशा पुस्तकाची पाने शेवटपर्यंत स्वच्छ राहतात. दुर्गाबाई भागवतांचे 'खमंग' मात्र मी स्वयंपाकघरात कमी आणि पलंगावर लोळत अधिक वाचले. त्याला ही कसोटी लावण्याची मला इच्छा नाही.

दुसरा खण हस्तकलांचा. विणकामाच्या पुस्तकात सर्वांत कंटाळवाणे पान नमुना-चौकोनाचे असते आणि नेमके तेच सगळे गाळतात. दहा सेंटिमीटर रुंदीत आपल्या हाताचे किती टाके बसतात हे आधी एक लहानसा चौकोन विणून पाहायचे असते. पुस्तकाला बावीस अपेक्षित असतील आणि आपला हात सैल असल्यामुळे वीसच बसत असतील, तर ११० टाक्यांची टोपी ५० सेंटिमीटरऐवजी ५५ सेंटिमीटर घेराची होते. भाचीसाठी विणलेली माझी पहिली टोपी तिच्या वडिलांनी दोन हिवाळे वापरली. चूक माझी होती, पण त्या पुस्तकाची थोडी होतीच: चौकोन विणा, एवढेच त्यात छापले होते, का विणायचा, हे नव्हते.

क्रोशाच्या पुस्तकांत तर भाषाच दगा देते. ब्रिटिश पुस्तक ज्याला 'डबल क्रोशे' म्हणते, त्याच टाक्याला अमेरिकी पुस्तकात 'सिंगल क्रोशे' म्हणतात. पुढची सगळी नावे अशीच एकेका पायरीने सरकतात. पुस्तक कोठे छापले हे न पाहता सुई उचलली, तर रुमाल आखडतो किंवा लोंबतो. साखळी, मुका खांब, खांब हे आपले शब्द त्या मानाने किती चित्रदर्शी आहेत. डोळ्यांपुढे टाका उभा राहतो.

या खणातला माझा आदर्श ओरिगामीचा आहे. अकिरा योशिझावा या जपानी कलावंताने घड्यांसाठी एक चिन्हलिपी बसवली आणि ती १९५४च्या त्यांच्या पुस्तकातून लोकांपुढे आली. तुटक रेघ म्हणजे दरीसारखी आत जाणारी घडी, रेघ आणि टिंब म्हणजे डोंगरासारखी वर येणारी घडी, बाणाने दिशा. पुढे सॅम्युअल रँडलेट आणि रॉबर्ट हार्बिन यांनी तिच्यात भर घातली आणि ती जगभर रूढ झाली. जपानीचे एक अक्षर न येणारा माझ्यासारखा मनुष्य जपानी पुस्तक उघडून करकोचा घडवू शकतो, तो या चिन्हांच्या बळावर. एखादी पायरी अवघड असेल तर चांगल्या आकृतीत ती मोठी करून, अर्धवट घडलेल्या अवस्थेतही दाखवलेली असते. जेथे वाचक अडेल, तेथे लेखक थांबला आहे.

साहित्याचाही प्रश्न असतो. बाहेरच्या पुस्तकांत अमुक जाडीचा कागद, तमुक कंपनीचा रंग अशी यादी असते. ती आपल्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात दाखवली तर दुकानदार वर पाहतो. अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीचे आकार उभे केले. त्यांच्या पुस्तकांतले सामान घरात किंवा कचऱ्यात मिळते आणि ती पुस्तकेही त्यांनी वाचकांना विनामूल्य खुली केली. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या दुसऱ्या खणाचाच सन्मान झाल्यासारखे मला वाटले.

आता तिसरा खण. येथे वाचक विचारील, की काल्पनिक कादंबरीला कसले आले माप आणि कसली कृती? जादू म्हटली की काहीही घडू शकते. माझा मतभेद नेमका येथे आहे. जेथे काहीही घडू शकते, तेथे कशाचीच भीती वाटत नाही आणि कशाचाच आनंदही होत नाही. आपल्या पुराणकथा रचणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. हिरण्यकशिपूचा वर आठवा: माणूस नको, पशू नको, दिवस नको, रात्र नको, घरात नको, बाहेर नको. नृसिंह त्यांतले एकही कलम मोडत नाही. तो सगळी कलमे पाळतो आणि उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला वाट काढतो. शापाला उःशाप असतो आणि तोही अटींसह. लहानपणी ही गोष्ट पुन्हापुन्हा ऐकावीशी वाटे, ती या चोख हिशेबामुळे.

मराठी कादंबरीचा आरंभीचा काळ अद्भुतरम्यतेचाच. 'मुक्तामाला' १८६१ची, 'मंजुघोषा' १८६८ची. पण त्या कथा योगायोगांवर विसंबल्या. पुढे हरी नारायण आपट्यांबरोबर वास्तवदर्शनाची प्रतिष्ठा वाढली आणि अद्भुताची रवानगी हळूहळू बालवाङ्मयाच्या खोलीत झाली. मला ही वाटणी नुकसानीची वाटते. उर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी' मालिकेतील पहिली कादंबरी १९६८ची. तीत वस्तूचे खरे नाव ठाऊक असल्याखेरीज तिच्यावर मंत्र चालत नाही आणि प्रत्येक मंत्राने कोठेतरी तोल ढळतो. येथे पाऊस पाडला तर दुसरीकडे अवर्षण पडू शकते. किंमत ठरलेली असल्यामुळे नायकाच्या एका उद्दाम मंत्राचा परिणाम आपल्याला खरोखर जाचतो.

टॉल्किन यांचा आणखी एक किस्सा मला पाककृतीच्या सुधारित आवृत्तीसारखा वाटतो. 'द हॉबिट' १९३७मध्ये आले. पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिताना त्यातल्या अंगठीचे स्वरूप इतके भयंकर झाले, की आधीच्या पुस्तकात गॉलम ती पैजेत देऊ करतो, हे जुळेना. तेव्हा त्यांनी ते प्रकरण बदलून लिहिले, १९५१च्या आवृत्तीत घातले आणि जुनी हकिकत म्हणजे बिल्बोने सांगितलेली थाप होती, असा खुलासाही कथेतच केला. चूक झाकली नाही. ती कथेत जिरवली. मुग्धा कर्णिक यांनी या ग्रंथत्रयीचा 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने अनुवाद केला आहे, त्यामुळे मराठी वाचकाला आता ती वाट खुली आहे.

हॅरी पॉटरच्या बाबतीत मी जरा कुरकुरतो. पहिल्या पुस्तकाच्या मराठी नावात 'परीस' हा शब्द योजला, याचे मला अपार कौतुक आहे. पण १९९९च्या तिसऱ्या पुस्तकात काळ मागे फिरवणारे यंत्र आले आणि मग प्रत्येक संकटात ते का वापरत नाहीत, हा प्रश्न उभा राहिला. पाचव्या पुस्तकातील झटापटीत अशा यंत्रांचा साठा फुटून जातो. खारट आमटीत बटाटा टाकावा, तसा हा उपाय. उलट सातव्या पुस्तकात, जादूने शून्यातून अन्न निर्माण करता येत नाही, असा नियम हर्मायनी सांगते, तेव्हा मी मनापासून दाद दिली. जगातला सर्वांत बलवान जादूगारही शेवटी रांधणाऱ्याचा मिंधा राहतो.

आईच्या पाककृतींच्या वहीत अनारशांपुढे अडीच ओळी आहेत: तांदूळ तीन दिवस भिजवून, पाणी रोज बदलून, कुटून, गूळ बेताचा, पुढे नेहमीप्रमाणे. ती गेल्यानंतरच्या तीन दिवाळ्यांत माझे अनारसे हसले. चौथ्या वर्षी मुखपृष्ठ गळालेले एक जुने पुस्तक चाळताना त्या पानावर तुपाचा मोठा डाग दिसला आणि डागाच्या कडेला, समासात, पेन्सिलीने तिच्या अक्षरात लिहिलेले: 'गूळ ओलसर असल्यास पाव भाग कमी.' आमच्याकडे येतो तो गूळ ओलसरच असतो. त्या दिवाळीला पहिल्या घाण्यातले दोन हसले, बाकीचे जाळीदार निघाले. तिच्या ओळीखाली मी साल घातले आणि गुळाचे वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवले.