थंड पाण्यातील बुडी: 'सेमी ड्राय' पोशाख कसा निवडावा?

रायपूरच्या पुरानी बस्तीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला, तरी खोल पाणी दूर नाही. महामाया मंदिराच्या या जुन्या वस्तीजवळच बूढा तलाव म्हणजेच विवेकानंद सरोवर आहे. अशा तलावांत कोणी बुडाल्यास पाणबुड्यांना हिवाळ्यातही शोधासाठी उतरावे लागते. डिसेंबर-जानेवारीत येथील रात्रीचे तापमान साधारणतः 13 अंश सेल्सिअसपर्यंत खाली येते. पाणी हवेइतक्या लवकर थंड होत नाही. मात्र शोध लांबला, तर 20 अंशांचे पाणीही शरीराला गारठवते.

याचे कारण असे की, पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे 25 पट आहे. प्रथम बोटे बधिर होतात. झडप फिरवणे किंवा बक्कल सोडवणे अवघड होते. शरीराचे अंतर्गत तापमान 35 अंशांच्या खाली गेल्यास निर्णयशक्ती मंदावते आणि जिवाला धोका निर्माण होतो.

पोशाखांचे तीन प्रकार

पाणबुड्यांचे पोशाख मुख्यतः तीन प्रकारचे असतात. 'वेट सूट' हा निओप्रीन या कृत्रिम रबराचा असतो. त्यातील सूक्ष्म वायुकोश उष्णता रोखतात. आत शिरलेले थोडे पाणी शरीराच्या उष्णतेने कोमट होते. 1950 च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी त्याचा विकास केला. 'ड्राय सूट' पाणी आत येऊच देत नाही. मात्र तो महाग असतो आणि त्यातील हवा सांभाळण्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते.

'सेमी ड्राय' हा या दोहोंमधील पर्याय आहे. तोही निओप्रीनचाच, बहुधा 6 ते 8 मिलिमीटर जाडीचा असतो. मनगट, घोटे व मान येथील घट्ट पट्ट्या, चिकटवलेले शिवणजोड आणि पाणी अडवणारी साखळी यांमुळे आत आलेले पाणी सहसा बदलत नाही. साधारणतः 10 ते 18 अंश तापमानाच्या पाण्यासाठी तो उपयुक्त मानला जातो.

निवडताना काय पाहावे?

जाडीपेक्षा माप महत्त्वाचे ठरते. पाठीचा खालचा भाग, काख आणि जांघ येथे पोकळी राहिल्यास प्रत्येक हालचालीबरोबर थंड पाणी आत-बाहेर होते. पोशाख घालून हात वर करावेत, खाली बसावे आणि दीर्घ श्वास घ्यावा. मानेची पट्टी अतिघट्ट असल्यास तेथील रक्तवाहिन्यांवर दाब येऊन भोवळ येऊ शकते. डोक्याची टोपी, हातमोजे आणि पायमोजे यांचाही विचार पोशाखाबरोबरच करावा.

खोलीचा परिणामही लक्षात घ्यावा. 10 मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो. त्यामुळे निओप्रीनमधील वायुकोश दबतात, पोशाख पातळ होतो आणि ऊब नेमकी गरजेच्या वेळी कमी होते. त्याचबरोबर तरंगण्याची शक्तीही घटते. जाड पोशाखासाठी कमरेला शिशाचे वजन अधिक लागते. ते प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उथळ पाण्यात ठरवणे योग्य.

थंडी आणि घाण हे दोन वेगळे प्रश्न

शहरी तलावांत सांडपाणी मिसळलेले असू शकते. 'सेमी ड्राय' थंडीपासून बचाव करतो, जंतूंपासून नाही. कारण पाणी थोडे का होईना, त्वचेपर्यंत पोहोचतेच. दूषित पाण्यातील शोधकार्यासाठी ड्राय सूट आणि संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा हाच सुरक्षित पर्याय आहे. पाणी कोमट असले, तरी हा नियम बदलत नाही.

याउलट, कोकणातील तारकर्लीच्या उबदार समुद्रात हौशी बुडीसाठी 3 मिलिमीटरचा साधा वेट सूट बहुधा पुरतो. तेथे जाड पोशाख त्रासदायकच ठरतो. म्हणून खरेदीपूर्वी पाण्याचे तळाकडील तापमान, बुडीचा कालावधी आणि पाण्याची स्वच्छता, या तीन गोष्टी आधी निश्चित कराव्यात. दिवसभरात एकाहून अधिक बुड्या घ्यायच्या असतील, तर अधिक उबदार पोशाख निवडणे श्रेयस्कर. कारण पहिल्या बुडीत गमावलेली उष्णता दुसऱ्या बुडीपूर्वी पूर्णपणे भरून येतेच असे नाही.