काटेरी कोरफडीची जोपासना

दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातील खडकाळ माळावर एकखोडी, काटेरी कोरफड वाढते. कापलेली पाने खळग्याभोवती, कापाची बाजू आत करून रचतात. ठिबकलेला कडू रस आटवून काळा बोळ होतो. त्यावर अनेक गरीब कुटुंबांचा चरितार्थ चालतो. परंतु या जातीस बुडाशी सहसा पिले फुटत नाहीत. झाड मेल्यास बियांपासून नवे वाढविण्यात वर्षे जातात. म्हणून खालची पक्व पानेच घ्यावीत. शेंड्यास हात लावू नये. खोडावरील वाळलेली पाने वणव्यापासून रक्षण करतात, ती राखावीत. रोपे निचऱ्याच्या जमिनीत, भरपूर उन्हात लावावीत. पाणी साचल्यास मुळे कुजतात. आजचा लोभ आवरला, तरच उद्याचे उत्पन्न टिकते.