मणक्यातील सौम्य गाठ आणि सुईवाटे उपचार

दिवसा शाळेत जाणारा, खेळणारा मुलगा रात्री पाठदुखीने कण्हत उठतो. वेदनाशामक गोळी घेतली की काही वेळाने शांत झोपतो. दप्तराचे ओझे असेल, लचक भरली असेल, असे म्हणून घरी तेल चोळले जाते आणि महिने लोटतात. गोळीने थांबते म्हणून हे दुखणे क्षुल्लक समजू नये. काही वेळा तीच एका आजाराची खूण असते.

‘ऑस्टिऑइड ऑस्टिओमा’ ही हाडातील सौम्य गाठ. १९३५ साली न्यूयॉर्कचे डॉ. हेन्री जॅफे यांनी तिचे स्वतंत्र वर्णन केले. तिचा गाभा बहुधा दीड सेंटिमीटरहून लहान असतो. त्यात तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन द्रव्ये वेदना निर्माण करतात. अ‍ॅस्पिरिनच्या वर्गातील औषधे नेमकी तीच रोखतात. अशा सुमारे १० टक्के गाठी पाठीच्या कण्यात आढळतात. तेथे स्नायू आखडून कण्याला बाक येतो व तो फार काळ राहिल्यास कायमचा होण्याचा संभव असतो. साध्या क्ष-किरण चित्रात गाठ सहज निसटते, सी.टी. स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते. आपल्याकडे मणक्याचा क्षयही आढळत असल्याने नेमके निदान अगत्याचे ठरते.

पूर्वी गाठीसोबत हाडाचा बराच भाग काढावा लागे. १९९२ साली बोस्टनचे डॉ. डॅनियल रोझेन्थाल व सहकाऱ्यांनी निराळ्या मार्गाचा अनुभव प्रसिद्ध केला. भूल देऊन, सी.टी. चित्राच्या आधारे सुई गाभ्यापर्यंत नेतात आणि तिचे टोक सुमारे ९० अंश सेल्सिअसला काही मिनिटे तापवून गाभा नष्ट करतात. मोठा छेद घ्यावा लागत नाही. मात्र गाठ मज्जारज्जूला वा मज्जातंतूला लगटून असल्यास शस्त्रक्रियाच श्रेयस्कर ठरू शकते.

ही सोय कसालपासून दूर, मोठ्या शहरांत आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ही पद्धत वापरली जाते. ‘टाटा’चे नाव ऐकताच कुटुंबे धास्तावतात. परंतु ही गाठ कर्करोग नव्हे, आणि तिचे कर्करोगात रूपांतरही होत नाही.

रोज रात्री मुलाला गोळी द्यावी लागत असेल, तर पालकांनी ती देत राहण्यापूर्वी त्याची तपासणी करून घ्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.