नऊ पिना म्हणजे तीच ट्यूब नव्हे

माझ्या प्रीअँपमधली ईसीसी८३, म्हणजेच १२एएक्स७, खरखरायला लागली. ईसीसी८८ हाताशी होती, पिना नऊच, दिली बसवून. क्षणभर लख्ख उजेड, मग अंधार! हीटरच्या ४-५ पिनांवर माझ्याकडे १२.६ व्होल्ट होते. ८८ला तिथे लागतात ६.३. बीटेक झालोय म्हणे.

ईसीसी८२ लावली असती तर जळली नसती. हीटर, पिना सारख्याच. पण ८३चा अँप्लिफिकेशन फॅक्टर १००, ८२चा जेमतेम १७-२०, म्हणजे आवाज पार बसला असता. म्हणून सॉकेटजवळचा नंबर वाचा, तोच घ्या. जुन्या महागड्या ट्यूबांचा नाद नंतर.

नवी लावली, की आवाज कमी ठेवून काचेवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून टणटण घुमत राहिली तर मायक्रोफोनिक आहे. सरळ परत करा.